मोझांबिकची जुनी राजधानी : एका चिमुकल्या बेटावरचे सहा दिवस

पहिला दिवस

वसईच्या किल्ल्यात ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना पोर्तुगिजांचे नाव घेतले की गोवा, दमण, दीव आणि फार तर लिस्बन आठवते. पण लिस्बनहून निघालेले गलबत ज्या बेटावर पाणी भरून, आजारी खलाशी उतरवून आणि मोसमी वाऱ्याची वाट पाहून मग आपल्या किनाऱ्याकडे वळत असे, ते बेट मात्र आपल्या नकाशात सहसा नसते. ते बेट म्हणजे इल्या द मोझांबिक. देशाला या बेटावरूनच नाव मिळाले, १८९८ पर्यंत पूर्व आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीची राजधानीही हेच होते आणि १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चालत असे. अनेक वर्षांपासून मनात असलेला हा प्रवास अखेर या ऑगस्टमध्ये मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने केला.

मुंबईहून निघून आफ्रिकेत एकदा विमान बदलून आम्ही नाम्पुला या उत्तरेकडच्या शहरात उतरलो. तिथून बेट सुमारे १८० किलोमीटर दूर आहे. नाम्पुलाच्या आसपास सपाट माळावर एकेकटे, गुळगुळीत, प्रचंड ग्रॅनाइटचे डोंगर उभे आहेत, आणि ते मागे पडले की दोन्ही बाजूंना काजू, आंबा आणि गोरखचिंचेची झाडे सुरू होतात. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून इथेही आणला आणि आपल्याकडेही, शब्दही त्यांचाच. रस्त्याच्या कडेला एक बाई पातेल्यात काजू विकत होती, तिने भाव सांगताना ‘काजू’ म्हटले आणि माझी बहीण एकदम म्हणाली, “ताई, ऐकलंस का, एवढा एक शब्द तरी आपल्याला येतो!”

लुंबो गावापाशी मिठागरे दिसू लागली आणि त्यांच्या पुढे पूल सुरू झाला. १९६० च्या दशकात बांधलेला हा तीन किलोमीटरहून लांब पूल एकाच गाडीच्या रुंदीचा आहे आणि समोरून वाहन आले तर थांबण्यासाठी ठरावीक अंतरावर रुंद जागा सोडलेल्या आहेत. बेट स्वतः जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त अर्धा किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेतून चार शतके एका प्रचंड किनाऱ्याचा कारभार चालला, हे पुस्तकात वाचणे आणि पुलावरून एका नजरेत अख्खे बेट पाहणे, यांत फार अंतर आहे.

उतरलो त्या घराच्या मालकीणबाईंनी आम्हाला खोलीची ‘शाव्ह’ दिली. ती आपली चावीच. न्हाणीघरातली बादली त्यांच्या बोलण्यात ‘बाल्द’ होती, आणि सकाळी दाराशी सायकलवरून येणारा पाव तर ‘पांव’च होता.

दुसरा दिवस

बेटाचे दोन भाग आहेत. उत्तरेकडे दगडी शहर आणि दक्षिणेकडे माकूती शहर. माकूती म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेले छप्पर. आपल्याकडचे चुडतांचे झाप. आजचा दिवस आम्ही दगडी शहराला दिला.

इथली घरे प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची आहेत, बहुतेकांची छपरे सपाट आहेत. ती सपाट असण्याचे कारण शोभा नव्हे, पाणी आहे. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही, म्हणून पावसाचा प्रत्येक थेंब गच्चीवरून नळीवाटे घराखालच्या टाकीत जाईल अशी रचना शतकानुशतके होत आली. भिंतींचे गुलाबी, पिवळे, निळे रंग उडालेले आहेत. काही घरांना छप्पर उरलेले नाही आणि आतल्या खोलीत वडाच्या जातीची झाडे भिंतीला मुळांनी मिठी मारून वाढलेली आहेत. शेजारच्याच घराची मात्र नुकतीच डागडुजी झालेली असते. १९९१ मध्ये युनेस्कोने हे बेट जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, आणि त्यानंतर काही वास्तू सावरल्या गेल्या. परंतु मार्च २०२२ मधल्या गोम्बे चक्रीवादळाने इथली बरीच छपरे उडवून नेली, आणि त्या जखमा अजूनही जागोजाग दिसतात.

लाल रंगाचा साओ पाउलो राजवाडा मूळचा जेझुइटांचा, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संघाचा. १६१० मध्ये तिथे त्यांचे विद्यालय उभे राहिले, १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांना हाकलून लावले आणि त्यानंतर ही इमारत गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. आता ते संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरच्या दालनांत आपल्याच किनाऱ्यावर घडलेले काळेभोर, बारीक कोरीवकामाचे लाकडी सामान आहे: खुर्च्या, पेटारे, पलंग. एका खुर्चीच्या पाठीवर कोरलेल्या वेलबुट्टीत मला आमच्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या कपाटाची नक्षी दिसली. ती कोणी कोरली, त्या सुतारांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. पण एखाद्या कारागिराचा हात पटाशीवर कसा वळला असेल हे लाकडात स्पष्ट दिसते, आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तळमजल्यावर समुद्राशी संबंधित संग्रह आहे, त्यात बुडालेल्या जहाजांतून निघालेली चिनी मातीची निळी-पांढरी भांडी आहेत.

राजवाड्यासमोर वास्को द गामाचा पुतळा आहे. तो मार्च १४९८ मध्ये इथे आला, तेव्हा बेट ओसाड नव्हते. अरबी, स्वाहिली आणि हिंदी व्यापाराच्या जाळ्यातले ते एक गजबजलेले बंदर होते, आणि इथल्या शेखाच्या नावावरूनच पोर्तुगिजांनी ‘मोझांबिक’ हे नाव उचलले असे मानले जाते. प्रथम आगतस्वागत झाले, मग संशय वाढला, पाण्यावरून झटापट झाली आणि जाताना गामाच्या तोफांनी गावावर मारा केला. ‘शोध लागला’ असे जे आपण शाळेत शिकलो आणि मीही तीस वर्षे वर्गात शिकवले, ते वाक्य या चौकात उभे राहून उच्चारवत नाही. इथून पुढे मालिंदीला जाऊन तो तिथल्या वाटाड्याच्या मदतीने कालिकतला पोहोचला. समुद्र माहीत असलेली माणसे आधीपासूनच होती.

पूर्व किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून कवी कामोंइशचा पुतळा आहे. पोर्तुगीज भाषेचा हा महाकवी गोव्यात अनेक वर्षे काढून १५६७ मध्ये मायदेशी निघाला, ज्या कप्तानाने त्याला इथवर आणले त्याच्याशी पैशांवरून बिनसले, आणि पुढच्या प्रवासाचे भाडे नसल्यामुळे तो या बेटावर दोन वर्षे अडकून पडला. पुढे गोव्याचा इतिहासकार म्हणून नावाजलेला दियोगो द कोउतु १५६९ मध्ये इथे उतरला, तेव्हा कवी मित्रांच्या अन्नावर जगत होता. मित्रांनी वर्गणी करून त्याचे कर्ज फेडले, अंगावर घालायला कपडे दिले आणि त्याला सोबत नेले. १५७२ मध्ये लिस्बनला त्याचे महाकाव्य छापून झाले, ते त्याने याच बेटावर पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेतलेले होते. संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा पुतळ्याच्या समोर बायका गुडघाभर पाण्यात वाकून शिंपले गोळा करत होत्या.

तिसरा दिवस

संपूर्ण दिवस किल्ल्यात गेला, आणि तोही अपुरा पडला.

साओ सेबास्तियांव किल्ल्याचे काम १५५८ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या शतकातही चालू राहिले. बेटाच्या उत्तर टोकावर, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या खडकावर चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेला हा चौकोनी दुर्ग आहे. वसईचा किल्ला पसरट, त्याच्या पोटात सारे शहर. हा त्याउलट आखडून बसलेला, केवळ लढण्यासाठीच बांधलेला. तटाच्या दगडावरून हात फिरवताना मात्र चुन्याचा तोच खरखरीत, किंचित खारट स्पर्श लागला.

हा किल्ला कधीच पडला नाही. १६०७ मध्ये डच आरमाराने बेट जिंकले, गावात ठाण मांडले आणि काही आठवडे किल्ल्याला वेढा दिला. आत मूठभर शिबंदी आणि आसऱ्याला आलेले गावकरी होते. वेढा फसला तेव्हा डचांनी जाताना गाव जाळले. १६०८ मध्ये ते पुन्हा आले आणि पुन्हा हात हलवत परतले. हे बेट पोर्तुगिजांच्या हातून तेव्हा गेले असते, तर लिस्बनहून गोव्याकडे येणाऱ्या जहाजांना हक्काचा थांबा उरला नसता. जहाजांचे वेळापत्रक वाऱ्याने ठरलेले होते. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडायचे, जुलै-ऑगस्टमध्ये इथे यायचे, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या शेवटच्या टप्प्यावर स्वार होऊन सप्टेंबरमध्ये गोव्याच्या मांडवी नदीत शिरायचे. उशीर झाला की पुढच्या हंगामापर्यंत इथेच मुक्काम, आणि त्या मुक्कामात ज्वराने, स्कर्व्हीने माणसे मरत. फ्रान्सिस झेवियर १५४१ च्या ऑगस्टअखेर इथे पोहोचला तोही असाच उशिरा. त्याने हिवाळा इथल्या रुग्णांच्या सेवेत काढला आणि ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये त्याच्या दर्शनाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना या मधल्या मुक्कामाची कल्पना असेल!

किल्ल्याच्या तटाबाहेर, अगदी समुद्रात घुसलेल्या टोकावर, बालुआर्तच्या मातेचे लहानसे पांढरे देऊळवजा चॅपेल आहे. १५२२ मधले हे बांधकाम दक्षिण गोलार्धातली सर्वांत जुनी युरोपीय वास्तू मानले जाते. आत गेल्यावर प्रथम काही दिसत नाही, मग डोळे सरावले की डोक्यावरच्या घुमटीवर एकमेकींना छेदणाऱ्या दगडी कमानींच्या फासळ्या हळूहळू उमटू लागतात. जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, अक्षरे पावलांनी झिजून गेलेली. दाराच्या चौकटीतून फक्त समुद्र दिसतो. माझी बहीण, जी एरवी फार बोलते, तिथे पायरीवर अर्धा तास काही न बोलता बसून राहिली.

मला मात्र सर्वांत जास्त थांबवले ते किल्ल्यातल्या पाण्याच्या टाकीने. किल्ल्याचे प्रांगण आणि छपरे अशा उताराने घडवली आहेत की पावसाचे पाणी पन्हळींतून वाहत एका मोठ्या बंदिस्त टाकीत जमा व्हावे. वेढ्यात किल्ला तग धरू शकला त्याचे एक मोठे कारण ही टाकी होती. आज वेढा नाही, शिबंदी नाही, पण टाकीचे काम थांबलेले नाही: आम्ही होतो तेव्हा एक मुलगी दोरीला बांधलेला डबा आत सोडत होती, डबा पाण्याला टेकल्याचा आवाज घुमत वर येत होता, आणि भरलेला पिवळा कॅन डोक्यावर तोलून ती त्याच दरवाजातून बाहेर पडली ज्यातून एके काळी गव्हर्नरांच्या पालख्या जात असतील.

चौथा दिवस

दगडी शहर संपते तिथे रस्ता उतरत नाही, घरे उतरतात. माकूती शहरात रस्त्यावर उभे राहिले की आजूबाजूच्या घरांची छपरे डोळ्यांच्या पातळीला येतात, आणि घरात जायचे तर पायऱ्यांनी खाली जावे लागते. आमच्यासोबत आलेल्या तरुण वाटाड्याने कारण सांगितले, आणि या प्रवासात मी जे काही शिकले त्यात हे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उत्तरेकडचे राजवाडे, चर्च, वखारी आणि किल्ला बांधायला लागणारा दगड याच भागातून खणून काढला गेला. दगड वर गेला, खड्डे उरले, आणि त्या खड्ड्यांत ज्यांनी दगड खणला, वाहिला, रचला त्या माणसांनी कुडाच्या भिंती उभारून झाप शाकारले. पोर्तुगीज अमलात दगडी घर बांधणे त्यांच्या आवाक्यातही नव्हते. आजही पाऊस मोठा झाला की पाणी या वस्तीत तुंबते, आणि बेटावरची बहुसंख्य माणसे इथेच दाटीवाटीने राहतात. १९७७ ते १९९२ या काळातल्या यादवी युद्धात मुख्य भूमीवरून जीव वाचवून आलेल्यांनीही इथेच आसरा घेतला. राजधानी आणि तिचा खड्डा अशी ही दोन्ही शहरे एकाच दगडाची आहेत, आणि मला वाटते पाहुण्याने दुसरे शहर पाहिल्याखेरीज पहिल्याचे कौतुक करू नये.

एका अंगणात वृद्ध बाई मुसिरो उगाळत होत्या. मुसिरो हे एका रानटी झाडाचे लाकूड. गोल दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून तो तुकडा घासायचा आणि निघालेला पांढरा लेप चेहऱ्याला लावायचा. सहाण, खोड, मनगटाची ती संथ गोल हालचाल, दगडाच्या कडेला साचणारी सायीसारखी पांढरी रेघ. डोळे मिटले असते तर मी आजीच्या देवघरात असते. त्यांनी आम्हा दोघींच्या गालांना लेप लावला, आम्ही ‘कोशुकुरू’ म्हणजे धन्यवाद म्हटले, आणि उच्चार चुकला असावा, कारण सगळे अंगण हसले. बेटाला त्या मुहिपिती म्हणतात. त्यांच्या माखुवा भाषेतले हे नाव.

दुपारी किनाऱ्यावरच्या स्मृति-उद्यानात गेलो. हे उद्यान गुलाम म्हणून नेल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या बंदरातून माणसे जहाजांत भरून मॉरिशस आणि रियुनियन बेटांवरच्या फ्रेंच मळ्यांत, ब्राझीलमध्ये आणि क्युबात विकली गेली. डिसेंबर १७९४ मध्ये ‘साओ जोझे’ नावाचे जहाज पाचशेहून अधिक बंदिवान घेऊन इथून ब्राझीलकडे निघाले आणि केपटाउनजवळ खडकावर फुटले. दोनशेहून अधिक माणसे बुडून मेली आणि जी वाचली ती केपटाउनमध्ये विकली गेली. २०१५ मध्ये त्या जहाजाचे अवशेष ओळखले गेले, तेव्हा माखुवांच्या एका प्रमुखाने टोपली देऊन या बेटाची माती त्या जागी समुद्रात वाहायला पाठवली, म्हणजे गेलेल्यांना आपल्या मातीचा स्पर्श व्हावा.

या व्यापाराची दोरी आपल्या किनाऱ्यापर्यंत येते, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. इथे हस्तिदंत आणि माणसे विकत घ्यायला नाणी चालत नसत, कापड चालत असे, आणि ते कापड गुजरातेत विणले जाऊन दीवच्या वाण्यांच्या गलबतांतून येई. १६८६ मध्ये गोव्याच्या सरकारने दीव आणि मोझांबिक यांच्यामधल्या व्यापाराचा मक्ताच या वाण्यांच्या मंडळीला दिला होता. गुलामांपैकी काही दीव, दमण आणि गोव्यातही आणले गेले. बेटावर आज हिंदू मंदिर आहे, जुन्या व्यापारी घराण्यांची आठवण आहे, हिरवी मोठी मशीद आहे, आणि रस्त्यावर तिकोनी समोसे ‘शामुसा’ या नावाने तळले जातात. हे सारे मनाला जवळचे वाटते. पण जवळीक सांगायची तर सगळी सांगितली पाहिजे.

ओहोटीच्या वाळूत मुले काचेचे बारीक मणी वेचतात आणि त्यांच्या माळा ओवून विकतात. फुटलेल्या जहाजांतून ते अजून किनाऱ्याला लागतात. विटकरी, निळे, पिवळे, मोहरीएवढे. मी एक माळ घेतली आणि रात्री दिव्याखाली बराच वेळ मोजत बसले. हे मणीही एके काळी माणसांच्या मोबदल्यात मोजले जात.

पाचवा दिवस

शिडाच्या होडीने समोरच्या मुख्य भूमीवर काबासेइरा इथे गेलो. वारा चांगला होता. होडी किनाऱ्याला लागत नाही, त्यामुळे शेवटचे अंतर मांडीभर पाण्यातून, खारफुटीच्या मुळांना टाळत चालावे लागले. तिथे १५७९ मधले रेमेदियोसच्या मातेचे चर्च आहे आणि वास्को द गामाची म्हणून दाखवली जाणारी विहीर आहे. बेटावर पाणी नाही, म्हणून पाण्यासाठी इथे यावे लागे, आणि त्याच पाण्यावरून १४९८ मधली ती पहिली झटापट झाली. विहिरीचा कठडा साधा आहे. गावातल्या बायका तिथे पाणी भरत होत्या, आणि त्यांना आमच्या कुतूहलाचे नवल वाटत होते.

रात्री मालकीणबाईंनी मटापा वाढला. शिरी-शिरी नावाची समुद्रकाठची मांसल पाने नारळाच्या दुधात आणि काजूच्या कुटात मंद आचेवर शिजवतात, आणि सोबत आपल्या चपातीसारखी ‘आपा’ असते. बहिणीने कृती लिहून घेतली आहे. शिरी-शिरीच्या जागी ती घोळाची भाजी घालून पाहणार आहे.

जेवताना मालकीणबाईंना मी विचारले की राजधानी इथून गेली त्याचे इथल्या लोकांना काय वाटते. त्या म्हणाल्या की ते आजोबांच्याही आधीचे, पण नाकालाचे बंदर मोठे झाले तेव्हा गोदीतली कामे गेली, ते मात्र वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे. घटनाक्रम तसाच आहे. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला, गुलामांचा व्यापार बंद पडत गेला, १८८६ मध्ये आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये सोने सापडले आणि त्या खाणींना जवळचे बंदर म्हणून दक्षिणेकडच्या लोरेंसो मार्केस, म्हणजे आजच्या मापुतोचे महत्त्व वाढले. १८९८ मध्ये राजधानी तिकडे गेली. १८७७ मध्ये बांधलेले इथले भव्य, खांबांचे रुग्णालय त्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांचे होते.

सहावा दिवस

पहाटे उठून शेवटचा फेरफटका मारला. मशिदीतून अजान झाली, पाववाल्याची सायकल गेली, आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर दोन मुले गणिताची वही उघडून बसली होती.

परतताना पुलावर आमची गाडी रुंद जागेत थांबली, कारण समोरून एक टेम्पो येत होता. त्याच्या टपापर्यंत नव्या विणलेल्या माकूतीच्या चळती रचल्या होत्या, ओलसर, हिरवट-तपकिरी. आता बेटावर पत्र्याचीच छपरे वाढली आहेत, कारण झाप महाग पडतात आणि वरचेवर बदलावे लागतात, असे वाटाड्याने सांगितले होते. टेम्पो आमच्या शेजारून अगदी चिकटून गेला, झावळ्यांचा वास काचेतून आत आला, आणि कोणाच्या तरी घराच्या छपरासाठीचे ते ओझे हळूहळू बेटाकडे उतरत गेले.